सांध्याच्या अस्तरात खरंच करंट असतो का?

गोदाकाठची | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या सासूबाईंना, वय ६७, सहा वर्षांपासून आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. आधी दोन्ही हातांची बोटं, मग मनगटं, आता उजवा गुडघा. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, कणीक मळणं तर केव्हाच सुटलं. अँटी सीसीपी ही आमवाताची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक अॅसिड चालू आहे. गुडघ्यासाठी कॉलेज रोडला फिजिओकडे जातो, तिथे चार पॅड लावून 'करंट' देतात.

आता मूळ मुद्दा. परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की म्हणे सांध्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये वीज असते हे शास्त्रज्ञांना सापडलंय, संधिवात म्हणजे या विजेतला बिघाड, तेव्हा गोळ्या बंद करा आणि आमचा पट्टा बांधा, किंमत फक्त ७९९९. सासूबाईंनी तो मला तीनदा वाचायला लावला. त्यांचं म्हणणं, "मला आठवड्यातून तीनदा करंट देताच की तुम्ही, मग पट्ट्याने काय घोडं मारलंय?" मला काही उत्तर देता आलं नाही.

पट्टा घ्यायचा नाहीये एवढं मला कळतं. पण का नाही, ते समजावून सांगायला हवं कारण त्या निवृत्त शिक्षिका आहेत, कारण दिल्याशिवाय ऐकत नाहीत. तर अस्तराच्या पेशीत वीज असते का? आणि असलीच तर तिचा आमवाताशी संबंध काय?


मिसळ_तर्री | रविवार, रात्री १०:२०

७९९९ मध्ये माझी वर्षभराची मिसळ निघते, एक्स्ट्रा पावासकट. पट्टा नको.


सातपूरचा_वायरमन | रविवार, रात्री १०:४१

ताई, मी ३१ वर्षं सातपूरला स्विचगियरच्या कंपनीत मेंटेनन्सला काढली. विजेचं म्हणाल तर ज्याला दोन टोकं नाहीत त्यात करंट नाही, साधा हिशोब. अस्तरात वीज वगैरे सगळा पट्टा विकायचा धंदा आहे. शरीरात वीज असती तर महावितरणने मीटर नसता बसवला?


अनवाणी_पहाटे | रविवार, रात्री ११:०५

काका, असं एकदम झटकून टाकू नका. शरीर ही बॅटरीच आहे. मी रोज पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकशेजारी गवतावर अनवाणी चालतो, त्याने अर्थिंग मिळतं आणि साठलेला चार्ज जमिनीत जातो. माझी टाचदुखी दोन महिन्यांत गेली. शिवाय भांडी बाजारातून शुद्ध तांब्याचं कडं घेतलंय. आजींनाही द्या, पट्ट्यापेक्षा शंभरपट स्वस्त.


सातपूरचा_वायरमन | रविवार, रात्री ११:१४

अर्थिंग लीकेजसाठी असतं हो. तुम्ही लीक होताय का?


पेशीवाली | सोमवार, सकाळी ८:५०

काल झोपले होते, आत्ता वाचलं. माहेर पंचवटी, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये पेशींवरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वायरमन काका, सॉरी, पण अस्तराच्या पेशीत वीज असते. फॉरवर्डमधलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि म्हणूनच फॉरवर्ड घातक आहे, कारण पहिलं खरं वाक्य वाचून माणूस पुढची तीन खोटी गिळतो. फक्त ही वीज अस्तराची खासियत नाही, यकृताच्या पेशीत आहे, कातडीत आहे, द्राक्षाच्या मुळातही आहे. आपल्या शरीरातल्या प्रत्येक जिवंत पेशीच्या पातळ पापुद्र्यात एक पंप असतो, तो तीन सोडियम बाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, अखंड, आपण झोपलो तरी. सोडियम आणि पोटॅशियम दोन्हीवर धन भार असतो. तीन गेले, दोन आले. वर आत साठलेलं पोटॅशियम छोट्या छोट्या दारांमधून हळूहळू बाहेर झिरपत राहतं, आणि मुख्य फरक पडतो तो या झिरपण्यानेच. म्हणून पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण राहते. मज्जापेशीत हा फरक साधारण ७० मिलिव्होल्ट असतो, इतर पेशींत कमीजास्त.

ही जी दारं, त्यांना आयन चॅनल म्हणतात. कुठलं दार कधी उघडायचं यावर पेशी काय करणार ते बरंचसं ठरतं, म्हणजे हलणार, वाढणार, का काही रसायन बाहेर ओतणार. मज्जापेशी या विजेचे झटके दूरवर पाठवते, अस्तराची पेशी तसं करत नाही, तिची वीज घरातल्या घरातच असते. तारेतून पळणारा करंट नव्हे, टाकीतल्या पाण्याची उंची समजा.

आमवाताचा भाग दुपारी लिहिते, पेशींना खाऊ घालायची वेळ झाली.


सातपूरचा_वायरमन | सोमवार, सकाळी ९:३०

७० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही की. आमच्या टेस्टरचा दिवापण लागणार नाही. पापुद्रा किती जाडीचा असतो?


पेशीवाली | सोमवार, सकाळी ९:३४

सहा-सात नॅनोमीटर धरा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले सहा-सात.


सातपूरचा_वायरमन | सोमवार, सकाळी १०:०२

थांबा थांबा. ७० मिलिव्होल्ट भागिले ७ नॅनोमीटर. म्हणजे मीटरला एक कोटी व्होल्ट?? मी तीनदा केला हिशोब, नातवाकडून पण करून घेतला. अहो हवा मीटरला तीस लाखाला फुटते, ठिणगी पडते. त्याच्या तिप्पट ताण हा पापुद्रा जन्मभर सहन करतो? आमच्याकडे इन्सुलेशनला एवढा ताण दिला असता तर सुपरवायझरने घरी पाठवलं असतं. शब्द मागे घेतो ताई. मीटरचा जोकपण मागे.


शिंपीणबाई | सोमवार, सकाळी ११:१५

मला व्होल्ट कळत नाहीत पण अस्तर कळतं, २० वर्षं ब्लाऊज शिवतेय. येवल्याच्या पैठणीवरच्या ब्लाऊजला अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड सगळं ओढलं जातं, चुण्या पडतात. लोक कापडाला नावं ठेवतात, दोष अस्तराचा असतो. सांध्याचं तसंच काही आहे का? अस्तर आटतं आणि हाडं ओढली जातात?


पेशीवाली | सोमवार, दुपारी २:१०

शिंपीणबाई, 'लोक कापडाला नावं ठेवतात, दोष अस्तराचा असतो' हे वाक्य मी लॅबच्या फळ्यावर लिहिणार आहे. फक्त इथे उलटं होतं, अस्तर आटत नाही, फुगतं. निरोगी सांध्यात हे अस्तर एक ते तीन पेशी जाडीचं असतं, बस. आमवातात त्याचे थरावर थर चढतात, दहा काय त्याहूनही जास्त.

अस्तरात मुख्य दोन प्रकारच्या पेशी. एक सफाईवाल्या, कचरा गिळणाऱ्या. दुसऱ्या वंगण बनवणाऱ्या, त्यांचं नाव फायब्रोब्लास्ट. आपण जे म्हणतो ना 'गुडघ्यातलं वंगण', ते हायल्युरोनन आणि ल्युब्रिसिन या दुसऱ्या पेशी तयार करतात. आमवातात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा सांध्यावर उलटते, तिच्या माऱ्यात या वंगणवाल्या पेशी बदलतात. नुसत्या सुजत नाहीत, स्वभावच बदलतात. जागा सोडून सरकायला लागतात, कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकावरच्या गुळगुळीत गादीला चिकटतात, ती विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात, हाडात घुसतात. २००९ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग छापून आला होता, रुग्णाच्या या पेशी उंदराच्या कातडीखाली एका बाजूला कूर्चेच्या तुकड्यासोबत ठेवल्या तर त्या रक्तातून फिरून दुसऱ्या बाजूच्या कूर्चेपर्यंत पोचल्या आणि तिथेही कुरतडायला लागल्या. एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात आजार कसा पसरत असेल याचा अंदाज त्यावरून आला.

आता वीज. २०१२ च्या सुमारास टेक्सासच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या गटाने बघितलं की या बिघडलेल्या पेशींत कुठलं पोटॅशियमचं दार जास्त आहे. सापडलं एक आडदांड दार, त्याचं नावच बीके, बी म्हणजे बिग आणि के म्हणजे पोटॅशियम. आमवाताच्या रुग्णांच्या पेशींवर ते झिजेच्या संधिवाताच्या रुग्णांपेक्षा जास्त भरलेलं. हे दार उघडलं की पोटॅशियम भसाभस बाहेर, आतली बाजू आणखी ऋण, आणि मग धन भाराच्या कॅल्शियमला आत यायची ओढ वाढते. कॅल्शियम म्हणजे पेशीतला 'चला कामाला लागा' असा निरोप. हे दार बंद केलं तर प्रयोगशाळेत या पेशींचं सरकणं आणि घुसणं कमी झालं, आणि उंदरांच्या सांध्यांचं नुकसानही कमी झालं.

म्हणजे विजेतला फरक हे आजाराचं मूळ असं कोणी म्हणत नाहीये. मूळ संरक्षण यंत्रणेच्या गोंधळात. पण बिघडलेली पेशी आपला उद्योग करताना हे दार वापरते.


निफाडचा_गारठा | सोमवार, दुपारी ३:००

लय भारी समजावलं ताई. एक शंका, थंडीत का दुखतं मग? जानेवारीत आमच्याकडे पारा खाली गेला की बागेत रात्री शेकोट्या करतो द्राक्षाचे मणी तडकू नये म्हणून, आणि सकाळी माझेच गुडघे तडकतात. मला २००६ ला चिकनगुनिया झाला होता भो, मालेगावकडून पसरत आला तेव्हा. मावशीकडे लग्नाला गेलो न् घेऊन आलो. चार महिने ट्रॅक्टरवर चढता येत नव्हतं. तेव्हापासून थंडी पडली की सांधे आठवण काढतात.


डॉ_आळशी | सोमवार, दुपारी ४:२२

नाशिकरोडला फिजिशियन आहे, लिहायला आळस म्हणून हे नाव.

निफाडकर, चिकनगुनियाचं नावच मुळी टांझानियाकडच्या माकोंडे भाषेतलं, 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचं. १९५२-५३ च्या साथीत पडलं. त्याच्यानंतर काही जणांचे सांधे महिनोन्महिने दुखतात, थोड्यांचे वर्षानुवर्षं. वीस वर्षांनीही सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडत असेल किंवा सूज येत असेल तर एकदा नीट तपासून घ्या, सगळं चिकनगुनियावर ढकलू नका. थंडीत स्नायू आखडतात आणि हालचाल कमी होते हा दुखण्याचा मोठा भाग.

आणि एक, 'चॅनलवरचं औषध' हे काही परग्रहावरचं नाही. इथले निम्मे लोक रोज घेतात. बीपीची अॅम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या स्नायूतलं कॅल्शियमचं दार बंद करते. शुगरची ग्लिमेपिराइड स्वादुपिंडातलं पोटॅशियमचं एक दार बंद करते, म्हणून इन्सुलिन सुटतं. दात काढताना हिरडीत मारतात ते लिग्नोकेन सोडियमचं दार बंद करतं. म्हणजे पेशीच्या विजेवर उपचार होतो, पण गोळीने आणि सुईने.


मिसळ_तर्री | सोमवार, दुपारी ४:३०

आणि तर्रीने. तिखटाचं पण दार असतं असं कुठेतरी वाचलंय.


पेशीवाली | सोमवार, दुपारी ४:४८

असतं की! मिरचीतलं कॅप्सायसिन मज्जापेशीवरचं जे दार उघडतं तेच दार भाजलं तरी उघडतं, म्हणून तिखट 'जळतं'. ते दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाने उघडणारं दार शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मिसळ खाताना आता अभिमानाने घाम पुसा.


आयएफटी_ताई | सोमवार, संध्या. ७:१५

मी फिजिओ. मूळ धाग्यातल्या 'करंट'बद्दल बोलायलाच हवं नाहीतर सगळे आम्हालाच पट्टेवाले समजतील.

आजींना चार पॅड लावतात म्हणजे बहुतेक आयएफटी. दोन बाजूंनी साधारण चार हजार हर्ट्झचे करंट सोडतो, थोड्याशा वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे, ते आत एकमेकांना छेदतात. टेन्स म्हणजे त्याचा साधा भाऊ. हे दोन्ही अस्तराच्या पेशीसाठी नाहीतच. ते मज्जातंतूंना गुदगुल्या करतात. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं की स्पर्शाच्या जाड तंतूंचा निरोप पाठीच्या कण्यात वेदनेच्या निरोपाला अडवतो, आपण ठेच लागली की चोळतो तसंच. मशीन बंद केलं की परिणाम ओसरायला लागतो.

खरं सांगायचं तर २०१९ च्या अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या गाइडलाइनमध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरू नका असं स्पष्ट आहे. तरी आम्ही लावतो. का? कारण पेशंट आल्यावर थेट व्यायाम करा म्हटलं तर पुढच्या वेळी येतच नाही. दहा मिनिटं मशीन लावलं, बरं वाटलं, की मग मांडीचा व्यायाम करून घेता येतो, आणि कामाचा भाग तोच. मशीन म्हणजे देवळाबाहेरचा प्रसाद. पेसमेकर असेल तर मात्र लावायचं नाही, आणि सांधा गरम, लाल, सुजलेला असताना शेक द्यायचा नाही.


गोदाकाठची | सोमवार, संध्या. ७:४०

ताई, आमच्याकडे उलटं आहे. प्रसाद घेतात आणि देवळात न जाता घरी येतात. 😄 आजपासून व्यायाम वहीत लिहून घेते.


अनवाणी_पहाटे | सोमवार, रात्री ८:३०

म्हणजे माझं कडं?


डॉ_आळशी | सोमवार, रात्री ८:५२

हे तपासलंय लोकांनी. इंग्लंडमध्ये यॉर्कच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांना आळीपाळीने तांब्याची कडी आणि लोहचुंबकाचे पट्टे घालायला दिले, सोबत नकली पट्टे पण. २०१३ मध्ये निकाल आला, दुखणं, सूज, आजाराचा जोर, कशातच फरक नाही. हातात शोभतं म्हणून घाला, त्याला माझी ना नाही. गवतावर चालण्यालाही ना नाही, चालणं चांगलंच. टाच कदाचित चालण्यानेच बरी झाली असेल.


अनवाणी_पहाटे | सोमवार, रात्री ८:५५

कडं तरी राहू द्या, बायकोने आणलंय.


पेठरोडचा_पांडू | सोमवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं. मग ते बीके दार बंद करायचं औषध बाजारात का नाही? कंपन्यांना नको असेल, आजार बरा झाला तर महिन्याची इंजेक्शनं कोण घेणार.


पेशीवाली | सोमवार, रात्री १०:१५

कंपन्यांवर संशय घ्यायला माझी हरकत नाही, पण इथे अडचण वेगळी आहे. हे दार फक्त सांध्यात नाही. मूत्राशयात आहे, रक्तवाहिन्यांत आहे, मेंदूत आहे. पॅक्सिलिन नावाचं बुरशीचं एक विष ते सगळीकडेच बंद करतं. उंदरांचे सांधे सुधारले खरे, पण अंग थरथरायला लागलं आणि लघवीवरचा ताबा गेला. माणसाला असं औषध कोण देईल?

आता या धाग्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट, मुद्दाम मागे ठेवली होती. हे दार बंद करणारं दुसरं एक विष आहे, आयबेरिओटॉक्सिन. ३७ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. १९९० मध्ये त्यावरचा पेपर आला आणि तेव्हापासून जगभरातल्या लॅबमध्ये बीके ओळखायला ते वापरतात. कुठून मिळालं माहितीये? भारतातल्या लाल विंचवाच्या विषातून. तोच, जो कोकणात भाताच्या पेंढ्यात आणि आपल्याकडे दगडाखाली सापडतो.

२०१८ मध्ये त्याच टेक्सासच्या गटाने हे विष आमवाताच्या उंदरांना देऊन बघितलं. आजाराचा जोर कमी झाला, आणि पॅक्सिलिनसारखी थरथर किंवा लघवीचा त्रास दिसला नाही. कारण असं मांडलं की दार एकच असलं तरी त्याच्यासोबतचा जोडीदार भाग अवयवागणिक वेगळा असतो, सांध्यातल्या दाराचा जोडीदार वेगळा, मेंदूतला वेगळा, आणि या विषाला तो फरक कळतो. म्हणजे एकाच कंपनीचं कुलूप पण किल्ली वेगळी.

पण हे अजून उंदरात आहे. उंदीर बरा होणं आणि सासूबाईंची मूठ वळणं यात बऱ्याच वर्षांचं आणि बऱ्याच अपयशांचं अंतर असतं.


मिसळ_तर्री | सोमवार, रात्री १०:१९

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ऐकलं होतं, आता गुडघ्यावर.


निफाडचा_गारठा | सोमवार, रात्री १०:२५

आमच्या बांधावर दगड उचलला की दोन सापडतात. लावून घेऊ का गुडघ्याला? 😂


डॉ_आळशी | सोमवार, रात्री १०:३१

गंमतीतही नको. विंचवाच्या विषात एक रसायन नसतं, मिसळच असते ती. बीकेचं विष त्यात चिमूटभर, आणि बाकीची विषं सोडियमची दारं उघडी ठेवतात, मग शरीरात अॅड्रेनॅलिनचा पूर येतो, हृदय दमतं, फुफ्फुसात पाणी भरतं. पूर्वी कोकणात लाल विंचवाने लहान मुलं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी त्यावर वापरून दाखवली, ऐंशीच्या दशकातलं काम, लॅन्सेटमध्ये छापून आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. विंचू चावला तर मांत्रिक नको, सरळ दवाखाना.


नोटप्रेस_निवृत्त | मंगळवार, सकाळी ७:१०

विषाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर, पण मूळ धाग्याला धरून. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. माझ्या थोरल्या भावाला हे लिहून दिलं होतं, पण चिठ्ठीवरचं अक्षर असं की दुकानातल्या मुलाने पाकिटावर 'रोज १' लिहिलं. भावाने नऊ दिवस रोज घेतली. तोंडात फोड आले, पाणी गिळता येईना, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली. बारा दिवस अॅडमिट होता, वाचला. कोणाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, तेव्हापासून मी त्याच्या प्रत्येक स्ट्रिपवर मार्करने मोठ्ठं 'सोमवार' लिहितो. प्रेसमध्ये ३४ वर्षं नोटांवरचे आकडे तपासले, आता हे तपासतो.


आयएफटी_ताई | मंगळवार, सकाळी ७:४५

बापरे. काका, मी हे क्लिनिकच्या भिंतीवर लावते.


पेठरोडचा_पांडू | मंगळवार, सकाळी १०:००

अशा गोळ्या नकोतच म्हणून लोक पट्टा शोधतात ना! आमच्या आत्याने गोळ्या सोडून काढा सुरू केला, दोन वर्षं ठणठणीत आहे. आमवात पचनातून होतो हे आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी सांगितलंय.


डॉ_आळशी | मंगळवार, दुपारी १:३०

पांडू, आत्या बऱ्या आहेत याचा आनंदच आहे. हा आजार मधे मधे आपोआप दबतोही, आणि तेव्हा जे चालू असेल त्याला श्रेय जातं, माझ्या गोळीलासुद्धा. पण न दुखता आतल्या आत हाड झिजत राहू शकतं. आत्यांच्या हाताचा एक एक्सरे काढून घ्या, दोन वर्षांपूर्वीचा असेल तर शेजारी धरून बघा. एवढंच म्हणतो, भांडत नाही. काढा घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.


पेठरोडचा_पांडू | मंगळवार, दुपारी १:४४

एक्सरे काढतो. काढून इथे टाकतो. बघूच.


सातपूरचा_वायरमन | मंगळवार, दुपारी ३:१५

माझा प्रश्न राहिलाच. आत एवढा ताण आहे, मग बाहेरून करंट देऊन तो दुरुस्त का करता येत नाही? अमेरिकेत गळ्यात मशीन बसवतात म्हणे आमवातासाठी, मुलाने व्हिडिओ दाखवला. ते पण फेकच का?


डॉ_आळशी | मंगळवार, संध्या. ६:२०

ते फेक नाही. मानेतून व्हेगस नावाची मोठी नस जाते, तिच्यावर छोटं यंत्र ऑपरेशन करून बसवतात, दिवसातून एक मिनिट झटके देतं. त्या नसेचा निरोप प्लीहेपर्यंत जातो आणि सूज वाढवणारी रसायनं कमी सुटतात. २०१६ मध्ये १७ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला, मग मोठा झाला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजुरी दिली, तीही ज्यांना महागड्या बायोलॉजिक औषधांनी पुरेसा गुण येत नाही किंवा ती सोसत नाहीत अशांसाठी. म्हणजे वीज बाहेरून दिली तरी ती अस्तराच्या पेशीला नाही, नसेला. नस झटक्याची भाषा बोलते म्हणून तिला झटका कळतो.


पेशीवाली | मंगळवार, संध्या. ६:५०

काका, अजून एक. एका बीके दारातून एका वेळी जाणारा करंट काही पिकोअॅम्पिअर असतो, पिको म्हणजे एका अॅम्पिअरचा लाख कोटीवा भाग. तो मोजायला काचेची नळी तापवून तिचं टोक एक मायक्रॉनचं करतात आणि पेशीला चिकटवतात. नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये हे जमवलं, १९९१ मध्ये नोबेल मिळालं. एवढ्या नाजूक गोष्टीला गुडघ्यावरून पट्टा बांधून 'दुरुस्त' करणं म्हणजे घड्याळ बंद पडलं म्हणून घराला हातोडा मारणं. शिवाय पट्ट्याला कसं कळणार की कुठली पेशी बिघडलेली आणि कुठली शहाणी? विंचवाच्या विषाला तेवढं तरी कळतं.


सातपूरचा_वायरमन | मंगळवार, संध्या. ७:०५

पिकोअॅम्पिअर! आमचा क्लॅम्प मीटर मिलिअॅम्पिअरला रडायचा. पटलं.


शिंपीणबाई | मंगळवार, रात्री ८:००

गोदाकाठची, सासूबाईंना हे सगळं सांगितलं का? काय म्हणाल्या?


गोदाकाठची | मंगळवार, रात्री १०:४०

सांगितलं म्हणजे काय, काल रात्री आणि आज संध्याकाळी पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये दोनदा थांबवून 'ऋण भार' नीट सांग म्हणाल्या, मग मी वाटी-पेल्यात पाणी घेऊन दाखवलं. वायरमन काकांचा एक कोटी व्होल्टचा हिशोब त्यांनी स्वतः वहीत करून बघितला, पेन धरता येत नव्हतं नीट, तरी केला. "बरोबर आहे" म्हणाल्या, लाल पेनने टिक केली, काका तुम्हाला १० पैकी १०.

पण सगळ्यात जास्त रमल्या त्या विंचवात. त्यांचं माहेर त्र्यंबकेश्वरजवळचं. आठ-नऊ वर्षांच्या असताना गोवऱ्या काढताना हाताला विंचू चावला होता म्हणे, रात्रभर आईच्या मांडीवर, सगळं अंग घामाने थबथबलेलं. आज तोच हात पुढे करून मला म्हणाल्या, "बघ, याच हाताला. तेव्हाच थोडं जास्त चावला असता तर आत्ता बोटं तरी वळली असती." आणि स्वतःच हसल्या. मी डॉक्टरांनी निफाडकरांना विंचवाबद्दल दिलेली ताकीद परत वाचून दाखवली, न जाणो.

पट्ट्याचं म्हणाल तर ग्रुपवर त्यांनी स्वतःच उत्तर टाकलं, दोन बोटांनी टाइप करत, अर्धा तास लागला. "पेशीत वीज असते हे बरोबर. पुढचे चूक. कृपया पुन्हा पाठवू नये." शुद्धलेखन तपासून मग पाठवलं. गुरुवारी र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडे नंबर आहे, तिथे चॅनलबद्दल विचारणार आहेत, डॉक्टरांची खैर नाही. आणि नोटप्रेस काका, स्ट्रिपवर वार लिहिला मी, आमचा शनिवार आहे.

सगळ्यांचे खूप आभार.


मिसळ_तर्री | मंगळवार, रात्री १०:४४

आजींना साष्टांग दंडवत. बोटं वळायला लागली की मिसळ माझ्याकडून, कमी तिखट.


पेठरोडचा_पांडू | शुक्रवार, दुपारी १२:०५

आत्याचा एक्सरे काढला. उजव्या हाताच्या दोन सांध्यांत झीज दिसतेय, जुन्यात नव्हती. डॉक्टर, व्यक्तिगत निरोप केलाय, बघा.


डॉ_आळशी | शुक्रवार, दुपारी १२:४०

बघतो. संध्याकाळी फोन करा.


नवा_सभासद_नाशिक | रविवार, सकाळी ६:५५

छान माहिती. हा पट्टा नाशिकमध्ये कुठे मिळेल आणि ७९९९ मध्ये काही कमी होईल का?


सातपूरचा_वायरमन | रविवार, सकाळी ७:०१

साहेब, धागा वरून वाचा.